तीन माणसं, तीन सायकली

तंबूच्या छताला आतून तीन ओले पट्टे होते. प्रत्येक साधारण दीड वीत लांब, आणि रात्री जिथे एकेक डोकं होतं त्याच्या बरोबर वर. दाराजवळच्या चौथ्या जागेवरचं कापड कोरडं होतं. झोपलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ जानेवारीतल्या गार कापडावर थेंब होऊन बसते. मी कोरड्या भागावरून बोट फिरवून पाहिलं.

"आई, तंबूचाही रिपोर्ट काढणार का?" वेदिका बाहेरून म्हणाली. "ये बाहेर. वाळवायचाय तो."

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे लेकीची ही थट्टा जुनी आहे.

सहलीचा शेवटचा दिवस होता. मालगुंडला, ओळखीच्या आत्मारामांच्या काजूच्या बागेत आम्ही रात्र काढली होती. दुपारपर्यंत मांडवीला घरी पोचायचं होतं. दाभोळहून निघायचं, एक मुक्काम गुहागरला, मग तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि तिथून इथे. हा रस्ता माझ्या मुलाने, ऋत्विकने, जहाजावर नोकरीला जाण्याआधी वहीच्या पानावर आखला होता. "पहिलं जहाज करून येतो, मग चौघंही जाऊ," म्हणाला होता. त्याच्या सांगण्यावरून आम्ही चौघांचा तंबू घेतला.

सिंगापूर सोडल्यावर तिसऱ्या सकाळी तो जहाजावर सापडला नाही. कंपनीच्या पत्रात 'बेपत्ता' एवढंच होतं. त्याला नऊ वर्षं झाली. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. वेदिका आता तेवीसची आहे.

पुढच्याच जानेवारीत सदानंदने, माझ्या नवऱ्याने, सायकली बाहेर काढल्या. तवसाळच्या धक्क्यावर तो म्हणाला, "चार माणसं, तीन सायकली."

तिकीटवाल्याने आम्हाला मोजलं आणि हसला. "चौथा काय पोहत येतोय?"

"येतोय मागून," सदानंद शांतपणे म्हणाला. त्याने चार तिकिटं घेतली आणि ती वहीच्या पानाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. तेव्हापासून दर वर्षी चार.

माझ्या नणंदेला, कमळावन्संना, हे पटत नाही. दर पितृपक्षात त्या येतात. "सदू, पोराचं काही करायचं की नाही? किती दिवस ताटकळत ठेवणार त्याला?" सदानंद उठून अंगणात जातो आणि सायकलच्या चेनला तेल घालत बसतो. मग वन्सं माझ्याकडे बघतात. मी "बघू" म्हणते.

प्रयोगशाळेत नमुना पोचला नाही तर आम्ही शून्य लिहीत नाही, 'उपलब्ध नाही' असं लिहितो. शून्य लिहायला आधी मोजावं लागतं. नऊ वर्षं मी या नियमाच्या आड बसले. वन्संना खरं उत्तर देण्याची वेळ आली की मला हा नियम आठवायचा.

काल संध्याकाळी तवसाळला सदानंद वेदिकाच्या पंक्चरबद्दल बडबडत होता. "तुला सांगितलं होतं, टायर बदल म्हणून. बापाचं ऐकेल ती वेदिका कसली!" बोलता बोलता तो तिकिटाच्या खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "तीन माणसं, तीन सायकली."

वेदिकाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. खाडी ओलांडेपर्यंत तो आम्हाला कुरव पक्षी दाखवत होता आणि मला हलकं वाटत होतं, कॅरियरवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. जयगडचा धक्का लागेपर्यंत त्या हलकेपणाची मला लाज वाटायला लागली होती.

आज सकाळी तंबूची घडी घालून झाल्यावर सदानंदने खिसे चाचपले.

"एक तिकीट पडलं वाटतं."

त्याने पिशव्या उलट्या केल्या, चटया झटकल्या. मग गुडघ्यांवर बसून काजूचा पाचोळा हाताने बाजूला करायला लागला.

"बाबा, राहू दे ना."

"राहू दे काय? तूही शोध. चार होती."

वेदिकाने माझ्याकडे पाहिलं. मी चटई गुंडाळायला घेतली, म्हणून शेवटी तीच बोलली. "बाबा, तू तीनच घेतलीस."

तो तसाच बसून राहिला. हाताला पाचोळा चिकटला होता.

"मी तीन म्हटलं?"

तो उठला, सायकलवरच्या पिशव्या सोडून त्याने जमिनीवर ठेवल्या आणि सायकल रस्त्याकडे वळवली.

"जयगडला जाऊन येतो. पलीकडे जाऊन परत तिकिटं काढतो. तुम्ही तोवर चहा घ्या."

"बाबा, नुसतं जायलाच पंधरा-सतरा किलोमीटर आहे!"

"असू दे. मी विसरलो, असं वाटेल त्याला."

त्याने पॅडलवर पाय ठेवला. पंचावन्न वर्षांचा माणूस. तिसऱ्या दिवशी त्याचे गुडघे दुखतात, हे मला माहीत आहे, तो सांगत नसला तरी. पुढच्या वर्षी तो आणखी जपून बोलेल. त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि त्याला सांगणारं आमच्या दोघींशिवाय कुणी नाही. वेदिकाने आत्ताच तिच्या वाट्याचं सांगून टाकलं होतं.

मी जाऊन सायकलचं हँडल धरलं. त्याने ओढून पाहिलं. मी सोडलं नाही.

"सोड. उशीर होतोय."

"सदानंद, तू विसरला नाहीस," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तो गेला. ऋत्विक गेला. घरी गेलो की मी वन्संना फोन करते. त्याचं दिवसकार्य करू या."