मिरवणुकीत पहिला कोण

आमच्या विद्यापीठात पदवीदानाच्या मिरवणुकीत सगळ्यात जुना विभाग पुढे चालतो. अडचण एवढीच, की सगळ्यात जुने आम्हीच, असं कायद्याचे प्रमुखही म्हणतात आणि रसायनाचे प्रमुखही. गेल्या वर्षी दोघांनी झगे सावरत सभागृहाच्या दारात एकदमच पाय टाकला आणि मागे अख्खं विद्यापीठ उन्हात ताटकळलं. म्हणून कुलगुरूंनी विद्यापीठाच्या इतिहासावर संशोधन मंजूर केलं आणि ते माझ्या गळ्यात मारलं. मी इतिहास शिकवते आणि दर वर्षी नव्याने नेमली जाते. नाही म्हणायची माझी काय प्राज्ञा. अहवाल वेळेत आला तर कायम करतो, असा शब्द त्यांनी दिला. आईने तो त्याच संध्याकाळी शेजारीपाजारी पोचवलासुद्धा.

संशोधनाला एवढा पाठिंबा मी जन्मात पाहिला नव्हता. कायद्याच्या प्रमुखांनी आपल्या जुन्या कपाटाच्या किल्ल्या दिल्या. ते कळताच रसायनवाल्यांनी मला खोली दिली, वर पंखा. मग कायद्याकडून खुर्ची आली, हात असलेली. एरवी जिन्यात ओळखही न दाखवणारे हे दोघे आता माझ्या दारात येऊन इतिहासाची प्रकृती विचारू लागले. मीही लाजले नाही. चहा दोघांकडचा प्यायले.

इतिहासाने मात्र दोघांच्याही तोंडाला पानं पुसली. विद्यापीठ सुरू झालं ते नर्सिंगच्या वर्गाने. जुने फोटो, जुनी वर्तमानपत्रं, जुन्या इमारतीवरची पाटी, सगळीकडे तेच. कायदा आणि रसायन बऱ्याच नंतरचे. आणि आज नर्सिंग म्हणजे मागच्या इमारतीतल्या एक प्रमुख बाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, आणि मिरवणुकीच्या शेपटाला चालणाऱ्या त्यांच्या मूठभर मुली.

अहवाल वाचून दोन्ही प्रमुखांची कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दिलजमाई झाली. दोघे मिळून कुलगुरूंकडे गेले. मग मला बोलावणं आलं.

टेबलावर माझ्या कायम नेमणुकीचा कागद होता, फक्त सही बाकी. कुलगुरू खुशीत होते. शेवटचं प्रकरण त्यांच्या कारकिर्दीवर असावं, फोटो डाव्या बाजूने काढलेला घ्यावा, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, सगळ्यात जुन्या विभागाच्या वाक्यात 'सध्या चालू असलेल्या विभागांपैकी' एवढी किरकोळ भर घाला. नर्सिंग तसंही आम्ही बंदच करतोय.

आधी मला त्या कागदाचा मोह झाला. मग भयंकर राग आला.

"घालते," मी म्हणाले. "पण सर, मग सगळ्यात जुना विभाग कोणी बंद केला, तेही शेवटच्या प्रकरणात लिहावं लागेल. तुमच्या फोटोखालीच."

कुलगुरूंनी पेनाला टोपण लावलं. फोन उचलून नर्सिंग बंद करायचा आदेश थांबवायला सांगितलं. यंदापासून मिरवणूकच नको, सगळ्यांनी आधीच येऊन बसायचं, असंही सांगितलं. माझा कागद त्यांनी खणात टाकला आणि मला 'या आता' म्हणाले.

घरी आई दारातच उभी होती.

"झालं का कायम?"

"झालं," मी म्हणाले. "नर्सिंग."

"आणि तू?"

मला एकदम रडूच आलं. रडत रडतच मी तिला सगळं सांगितलं. आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि जरा विचार केला.

"मग शेजारी नर्सिंगचंच सांगते," ती म्हणाली.