उजव्या हाताची साखर

"मशीन कुणाचं?" जलबाबा माइकवर गरजले.

"आमचंच!" गर्दी ओरडली.

"सुई कुणाची?"

"आमचीच!"

"मग चमत्कार कुणाचा?"

यावर जो जयघोष झाला, त्याने हॉलचे बंद पंखेसुद्धा हलले असतील. चपलांच्या दुकानामागचा हा हॉल, एरवी इथे सेलचे कपडे विकतात. त्या दिवशी तिळाएवढी जागा नव्हती. पुढच्या खुर्चीवर माझी धाकटी जाऊ बसली होती, सातवा महिना संपत आलेला. शेजारी माझा दीर, घरचं साखर तपासायचं मशीन हातात घेऊन. मागे सासूबाई, हात जोडून. आणि भिंतीला टेकून मी, कपाळाला आठ्या घालून.

आमची बेकरी आहे. खाली भट्टी, वर घर. गरोदरपणात जावेची साखर वाढली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने तिला सगळं नीट शिकवलं होतं. थोडं थोडं खायचं, अर्धं ताट भाजी, भात मोजून, गोड बंद, जेवल्यावर चालायचं, आणि बोट टोचून आकडा बघायचा. पोरीने मुकाट्याने सगळं केलं. पण बेकरीच्या वर राहून पावाकडे बघायचं नाही, म्हणजे विहिरीच्या काठावर बसून तहान मारायची. पहाटे पहिल्या बनचा वास जिन्यावरून वर यायचा आणि ही खिडकी उघडून तोंड बाहेर काढून उभी राहायची.

"दोन जिवांची बाई आणि काकडी चावतेय!" सासूबाईंचा रोजचा पाढा. "आम्ही काय दगड जन्माला घातले?"

त्यात हे जलबाबा उगवले.

"औषध नाही, पथ्य नाही!" बाबा सांगत होते. "रोग रक्तात लपून बसतो. आधी त्याला मुठीत ओढायचा, मग पाण्यात सोडायचा!"

मुठीत ओढायचा म्हणजे काय, तर संत्र्याची फोड उजव्या मुठीत कुस्करायची. खायची नाही, चाटायचीसुद्धा नाही. शिवाय सगळ्यांनी यायचं उपाशीपोटी. जावेने फोड कुस्करली, दिराने त्याच हाताचं बोट टोचलं. आकडा आला तीनशे ब्याऐंशी. सासूबाई किंचाळल्याच.

"बघा, काकडी खाऊन खाऊन काय झालं ते!" बाबा म्हणाले. लोक हसले. मग बाबांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत तिचा हात पातेल्यातल्या पाण्याने खळखळून धुतला, स्वच्छ पंच्याने पुसला. "आता शेजारचं बोट!"

एकशे बारा.

मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. मशीन आमचं, सुई आमची, माणूस आमचा. काही सापडेना. निघताना बाबांनी बजावलं, "आता तपासत बसू नका. शंका घेतली की साखर परत येते."

"अहो, इथेच पाणी मुरतंय," मी रस्त्यात म्हटलं. "बरं झालंय तर तपासायला का घाबरायचं?"

"तुला देवातसुद्धा खोट दिसेल," सासूबाई म्हणाल्या. आणि जाऊ म्हणाली, "ताई, राहू दे ना. मला आता थोडं सुखाने जगू दे." दिराने त्या संध्याकाळी तिच्यासाठी केक केला. खोटं कशाला बोलू, कितीतरी दिवसांनी तिला हसून खाताना बघून मलाही बरं वाटलं.

मशीन ड्रॉवरमध्ये गेलं. दवाखान्याच्या तारखा चुकायला लागल्या. मी आठवण केली की घरात भांडण व्हायचं.

नववा लागला आणि बाळाची हालचाल मंदावली. तिने मला नाही सांगितलं, बाबांच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "बाळ तृप्त झालंय. तृप्त बाळ झोपतं." ती दोन दिवस त्या झोपेवर खूश होती. मला कळलं तेव्हा मी गिऱ्हाईक तसंच सोडून तिला गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला. बाळाचे ठोके लागत नव्हते.

मुलगी होती. डोक्यावर दाट केस, बापासारखं नाक. पोटातच गेली होती, तरी जावेला तिला जन्म द्यावाच लागला, सगळ्या कळा सोसून. नंतर जावेला दूध आलं. पिणारं कुणी नव्हतं आणि दूध थांबत नव्हतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. घरात कुणी कुणाला दोष दिला नाही, इतकं वाईट झालं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकाच कारणाने झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण वाढलेली साखर बाळाचा धोका वाढवते. आणि हालचाल कमी झाली त्याच दिवशी आला असतात, तर निदान धडपड करता आली असती." बाबांकडचा आकडा ऐकून त्यांनी मान हलवली. "उपाशीपोटी एकशे बारा? गरोदर बाईला तेसुद्धा जास्तच."

ज्या आकड्यावर आम्ही केक कापला होता, तोही आजाराचाच होता.

पुढे एका दुपारी मी बनवर पिठीसाखर भुरभुरवत होते आणि मला गरगरलं. दिराने घाबरून मशीन आणलं आणि माझं बोट टोचलं. चारशेच्या वर!

जाऊ जिन्यात बसली होती. बसल्या जागेवरून म्हणाली, "ताई, हात धुतलेस का? नर्स म्हणायच्या, साबणाने धुवून, पुसून मगच टोचायचं. बोटाला गोड लागलं असेल तर..."

ती मध्येच आपल्या उजव्या मुठीकडे बघायला लागली. मी हात धुतले, दुसरं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव. ती जिन्यातून उठली आणि चपला घालायला लागली. मी साबण आणि पाण्याची बाटली घेऊन तिच्यामागे निघाले.

हॉलमध्ये तीच गर्दी, तोच गजर. "बऱ्या झालेल्यांनी पुढे यावं!" बाबांनी साद घातली. जाऊ पुढे गेली. बाबांनी खूश होऊन माइक तिच्या हातात दिला. खुर्चीवर दुसरी एक गरोदर बाई होती. फोड कुस्करून झालेली, आकडा तीनशे चाळीस, डोळ्यांत पाणी.

"बाबांच्या पाण्याआधी यांचा डावा हात बघू," जाऊ म्हणाली. मी बाटलीतलं साधं पाणी ओतून बाईचा डावा हात साबणाने धुतला, पुसला. बाईच्या नवऱ्याने बोट टोचलं.

एकशे चोवीस.

"एका माणसाच्या दोन हातांत दोन रक्तं वाहतात का हो, बाबा?" जावेने माइकवर विचारलं.

"मशीन बिघडलंय!" बाबा ओरडले.

"मशीन कुणाचं?" मी विचारलं. "आमचंच," बाईचा नवरा म्हणाला.

"फळाच्या रसात साखर असते," जाऊ म्हणाली. "ती बोटाला लागते, थेंबात मिसळते, आकडा फुगतो. हात धुतला की बोटावरची साखर जाते. नळाच्या पाण्यानेही जाते. रक्तातली तिथेच राहते."

"म्हणजे माझी गेली नाही?" बाईने विचारलं.

"नाही गेली. माझीही गेली नव्हती. माझी मुलगी गेली."

बाबा मागच्या दाराने कधी सटकले, कळलंही नाही. तरी काही लोक पातेल्यातलं पाणी बाटल्यांत भरून घेतच होते. त्यांना काय म्हणायचं?

"बाळ हलतंय?" जावेने बाईला विचारलं.

बाईने पोटावर हात ठेवला. "हलतंय."

"मग ऊठ, दवाखाना अजून उघडा आहे." एवढं बोलून माझी जाऊ इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. त्या बाईचा हात मात्र तिने सोडला नाही.

तर बाबांनो, बायांनो, माझं एवढंच मागणं आहे. हात धुवा, मग तपासा. 'तपासू नका' म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. पथ्य जड जात असेल तर रडा, भांडा, पण डॉक्टरांपुढे रडा. आणि पोटातलं बाळ गप्प झालं, तर त्याचा अर्थ कुणाला विचारत बसू नका, असाल तसे निघा. आम्हाला हे सगळं एका नर्सने फुकट सांगितलं होतं. तिच्यामागे गर्दी नव्हती, म्हणून आम्ही ऐकलं नाही.