फाटकाची किल्ली

बाबा सोमवारी गेले. गुरुवारी पहाटे मुक्ताआत्या औशाहून आली, चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरली आणि घरातलं सगळं पाणी मोरीत ओतून मोकळी झाली. दोन हंडे, मोठं पिंप, माझ्या उशाचा तांब्यासुद्धा. माणूस गेला त्या दिवसाचं पाणी घरात ठेवत नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही याचा तिला राग आला होता.

"आत्या, आज गुरुवार आहे."

"मग?"

"या उन्हाळ्यात गुरुवारी नळाला पाणी नसतं."

ती रिकाम्या पिंपाकडे बघत राहिली. "जन्मभर धरणावर नोकरी केलेल्याच्या घरात पानी न्हाई?"

बाबांनी एकतीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता धरणातल्या पाण्याची पातळी नोंदवली. वारज्यात घर घेतलं तेही धरण जवळ म्हणून. शेजारच्या सुनीतीकाकू नळ आला की कालचं पाणी ओतून द्यायच्या, तेव्हा बाबा जिन्यात थांबून विचारायचे, "कालचं शिळं झालं, मग धरणातलं जुलैपासूनचं आहे त्याचं काय करू या?" काकू अजूनही ओततात.

दुपारी अस्थी घेऊन निघालो. गाडी दिग्विजय, माझा धाकटा भाऊ, चालवत होता. कलश माझ्या मांडीवर. कुठे जायचं ते मला कुणी विचारलं नव्हतं. वारज्याचा पूल मागे पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"धरणावर?"

"तिथंच दादाचा जीव होता," आत्या मागून म्हणाली. "दुसरीकडं कुठं शांत होईल तो?"

"तिथे अस्थी सोडायला बाबांनीच बंदी घातली होती."

"ताई, मूठभर राख आहे," दिग्विजय म्हणाला. "तेवढ्याने कुणी आजारी पडत नाही."

"आईच्या वेळी तू हेच म्हणाला होतास."

 अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा आम्ही दोघं याच रस्त्याने आलो होतो. बाबा फाटकात उभे राहिले आणि आम्हाला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी एकटेच गावी जाऊन त्यांनी आईच्या अस्थी शेतात, विहिरीजवळ खड्डा करून पुरल्या. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. दगडाच्या माणसाबरोबर आईने संसार केला, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. त्यावर त्यांनी जेवायला वाढू का, एवढंच विचारलं होतं.

फाटकाजवळ बाबांच्या हातची पाटी अजून आहे. अक्षरं पुसट झाली आहेत. 'इथे टाकाल ते उद्या घरी प्याल.' पाटीखालीच शहाळ्यांच्या करवंट्यांचा ढीग होता.

पहारेकरी मैनुद्दीनचाचा खुर्चीतून उठले. बाबा निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी फोन करून त्यांना पातळी सांगत. कलश दिसताच त्यांनी टोपी सारखी केली.

"साहेबांना घेऊन आलात?"

"हो," आत्या म्हणाली. "उघडा, भाऊ."

त्यांनी खिशात हात घातला, मग काढला. "साहेबांनी शिकवलंय, कुणाचाही वशिला आला तरी उघडायचं नाही. अकरा वर्षांत एकदाही उघडलं नाही मी." त्यांनी पुन्हा खिशात हात घातला. "पण आता साहेबांनाच कसं अडवू? माझी नोकरी त्यांनी लावली."

कुलूप उघडलं. साखळी खाली पडली. दिग्विजयने माझ्याकडे हात पुढे केला. खाली दगडी पायऱ्या, तळाशी उन्हाळ्याचं आटलेलं पाणी. मलाही वाटत होतं. दोन दिवस माझ्याच मांडीवर, माझ्याच खोलीत ठेवलेलं ते ओझं इथे उतरवावं आणि घरी जाऊन झोपावं. बाबांना इथे ठेवणं मला नको होतं असं नाही.

"चाचा, कुलूप लावा."

"ताई, आता शोभा करू नकोस," दिग्विजय म्हणाला.

"आईला त्यांनी इथे सोडू दिलं नाही. त्यांना मी सोडलं, तर आईने काय गुन्हा केला होता?"

 आत्याने पदराने तोंड पुसलं. "बापावर गेलीस," ती म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं. चाचांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

"शनिवारी गावी जाऊ," मी म्हणाले. "आईजवळ."

"शनिवारी मला मीटिंग आहे."

"मी एसटीने जाईन."

आम्ही गाडीकडे वळलो तेवढ्यात पुढे कुंपणाला लागून एक पांढरी मोटार थांबली. काच खाली झाली, बाईचा हात बाहेर आला, हातात निर्माल्याची फुगलेली पिशवी. हात कुंपणावरून झुलला. पिशवी पायऱ्यांवरून गडगडत पाण्यात पडली आणि त्या हाताने, त्याच हाताने, नमस्कारही केला. चाचा ओरडत धावेपर्यंत मोटार गेली.

पिशवी झेंडूसकट तरंगत होती. इतका वेळ मला रडू आलं नव्हतं.

"बाबांची आकडी आहे अजून?"

चाचांनी केबिनमागून लांब बांबू आणला. टोकाला वाकवलेली तार, मुठीला बाबांनी गुंडाळलेली सायकलची ट्यूब. मी कलश आत्याच्या हातात दिला.

"धर."

"मी?"

"हो."

चाचांनी न विचारता कुलूप उघडलं. पिशवी तिसऱ्या खेपेला अडकली. हार, नारळ, उदबत्तीचे पुडे, कुणाच्या तरी देवाची फुटकी तसबीर. वर ओढताना सगळं घाण पाणी माझ्या हातावर आलं. आत्या फाटकाबाहेर कलश छातीशी धरून उभी होती, तिची पावलं आत आली नव्हती.

"तिथंच हात धू गं," तिने वरून सांगितलं.

"इथे नाही. घरी धुते."

"घरी कुठलं पानी?" आत्या म्हणाली, आणि मग तिची तीच थांबली.