दहापैकी दहा

फरशी बसवून झाली की मिस्त्री चपला काढायचे, डोळे मिटायचे आणि खोलीभर अनवाणी फिरायचे. लेव्हल पिशवीत असायची, पण भरवसा तळव्यांवर. केसाएवढा काठ वर आला असला तरी पाय तिथे थबकायचा. एकतीस वर्षांत हे तळवे एकदाही चुकले नाहीत, हे ते ऐकणाऱ्याला सांगत आणि न ऐकणाऱ्यालाही. बायकोला ते पाठच झालं होतं, तरी ती दर वेळी नव्याने ऐकायची. माणूस बढाईखोर होता खरा, पण तिला भारी आवडायचा.

गेल्या आठवड्यात त्यांना शुगर निघाली. डॉक्टरबाईंनी पायांचीही तपासणी केली. बायको बाहेर बाकावर देवाचं नाव घेत बसली होती. मिस्त्री छाती फुगवून बाहेर आले.

"डोळे मिटायला लावले आणि तळव्याला बारीक दोरा टेकवला. टेकला की सांगायचं. दहापैकी दहा! शुगर असेल गं, पण पाय अजून पंचविशीतले आहेत."

तिचा जीव भांड्यात पडला.

बारा वर्षं आज-उद्या करत शेवटी त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघराची फरशी बदलली. रिवाजाप्रमाणे अनवाणी फिरून झालं. "एकदम सपाट," असं म्हणून ते हात धुवायला गेले. मागोमाग ती आत आली, तर फरशीवर रक्ताचे ठिपके. ओट्याजवळ एक काठ चांगला नखभर वर आला होता, आणि पायाचा अंगठा कापला होता मिस्त्रींचा. त्यांना पत्ताच नव्हता.

तिने त्यांना स्टुलावर बसवलं, जखम धुऊन पट्टी बांधली.

"आता डोळे मिटा. मी तळव्याला बोट लावते. लागलं की सांगा."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा म्हणते ना!"

थोडा वेळ गेला. "लागलं," मिस्त्री म्हणाले. मग पुन्हा, "हे बघ, लागलं."

तिने बोट लावलंच नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

मिस्त्रींनी डोळे उघडले आणि सगळं ओळखलं. मान खाली घालून म्हणाले, "दवाखान्यातही काही कळलं नव्हतं. मी पापण्यांच्या फटीतून बघत होतो. बाईंचं कोपर हललं की टेकला म्हणायचो. अगं, पाय गेल्यावर मी कसला मिस्त्री?"

"आणि मला काय मिस्त्री हवाय? मला तुम्ही हवे आहात, अख्खे, दोन्ही पायांसकट!" ती ओरडली. मग त्यांचं डोकं पोटाशी धरून बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती हट्टाने त्यांच्याबरोबर आत गेली. डॉक्टरबाईंनी सांगायच्या आधीच मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढून डोळ्यांवर घट्ट बांधला. दोरा टेकला. पुन्हा टेकला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. जन्मभर तोंडाला कुलूप माहीत नसलेला तिचा नवरा ओठ मिटून बसला होता. तिला रडू येत होतं, आणि त्याचा इतका अभिमान तिला आजवर कधीच वाटला नव्हता.