केमाल पाशाबद्दल एक बरा शब्द

राष्ट्रपुरुषाचा अंतिम न्याय इतिहास करतो. हे वाक्य मी माझ्या साप्ताहिक सदरात इतक्या वेळा वापरलं, की शेवटी संपादक ते न वाचताच कापायला लागले. निवृत्त होऊन लेकीकडे बहारीनला राहायला आल्यावर मला कळलं, की इतिहासाला एवढी सवड नसते. तो न्याय माहूजमधल्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, शुक्रवारी दुपारी होतो. सुरमईचं कालवण जिरत असतं आणि न्यायमूर्ती निकाल देता देता दातात अडकलेला काटा शोधत असतात.

न्यायमूर्तींचं नाव हुसेनमियाँ सरगुरोह. मूळचे दाभोळचे. इथे एका शिपिंग कंपनीत हिशेब सांभाळायला आले, निवृत्त झाले, आणि मुलाचं तुबलीला गाड्यांचं वर्कशॉप असल्यामुळे इथेच राहिले. आरोपी म्हणजे केमाल पाशा, आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक. आरोपी सतत गैरहजर, कारण ते १९३८ सालीच वारले आहेत. आरोपीचा वकील मी.

हे वकीलपत्र मला कढीपत्त्यामुळे मिळालं. कश्मिरा, माझी लेक, बँकेत जाते. जावई तिच्याही आधी निघतो. घरात दिवसभर मी आणि एसी. दोघांपैकी एसीच जास्त बोलायचा. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात मी कढीपत्त्याची सुकलेली जुडी उलटीपालटी करत होतो, तर मागून आवाज आला, "ती घेऊ नका. ती रुग्णाईत आहे. माझ्याकडे झाड आहे."

बहारीनमध्ये महिनाभरानं मला कोणीतरी मराठीत अडवलं होतं. मी मुकाट्यानं मागे गेलो. त्यांच्या गॅलरीत एका निळ्या पिंपात खरंच माणसाच्या उंचीचं झाड होतं. डहाळी मोडता मोडता त्यांनी माझं घराणं विचारलं, आणि मी आपला बोलण्याच्या ओघात सांगून बसलो, की आमचे आजोबा पुण्यातले सुधारक होते, त्यांनी देव अडगळीत ठेवले होते आणि बैठकीत केमाल पाशाची तसबीर लावली होती.

सरगुरोहांनी डहाळी खाली ठेवली. म्हणाले, "बसा."

ते बसणं अजून चालू आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगता येत नाही, त्यांनी ते कधी थोडक्यात सांगितलेलं नाही. तरी सांगतो. केमाल पाशानं १९२४ साली खिलाफत मोडली. तेराशे वर्षांची गोष्ट, आणि एका ठरावात बरखास्त केली. "हाउसिंग सोसायटीसुद्धा एवढ्या लवकर बरखास्त होत नाही, दत्तोपंत." मग लिपी बदलली. नातवाला आजोबांच्या कबरीवरचं नाव वाचता येईना. मग अजान अरबीतून काढून तुर्कीत केली. "अल्लाला तुर्की येत नाही असं माझं म्हणणं नाही. त्याला सगळं येतं. पण कराचीचा खलाशी इस्तंबूलला उतरला, तर त्याला कळायला नको, की हाक आपल्यालाच मारतायत?" मग टोप्या. फेज घातली तर शिक्षा. "धर्म डोक्यात असतो की डोक्यावर, हे एकदा ठरवा. डोक्यात असेल, तर टोपीच्या मागे कशाला लागलात? आणि डोक्यावर असेल, तर तुमची ती साहेबाची हॅट कसली निधर्मी?"

त्यांचा गाभा असा, की राज्याला धर्मापासून वेगळं ठेवतो म्हणणाऱ्या माणसानं धर्माला मात्र राज्यापासून वेगळं राहू दिलं नाही. मशिदीत काय बोलायचं ते सरकारच ठरवायला लागलं. ह्यावर मी सुधारकाचा नातू म्हणून बरंच बोलायचो. एक गोष्ट मात्र मान्य करतो, की ह्या मुद्द्याला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. आजोबांनाही सापडलं नसावं, कारण तसबिरीमागे त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही.

पाशाच्या दारूबद्दल मात्र सरगुरोह अवाक्षर काढत नसत. "तो त्याचा आणि अल्लाचा मामला. मी फक्त सार्वजनिक काम बघतो."

ह्या सगळ्याखाली एक घरगुती जखम होती. सरगुरोहांच्या पणजीनं, खलिफा संकटात आहे असं ऐकून, हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून दाभोळच्या बंदरावर वर्गणीत दिल्या होत्या. "माझ्या पणजीनं ज्याला वाचवायला पाटल्या दिल्या, त्याला ह्यानं रातोरात गाडीत बसवून देशाबाहेर घालवला. म्हातारी मरेपर्यंत काचेच्या बांगड्या घालत होती."

इथपर्यंत आलं, की ते उठत, स्वयंपाकघरातून तय्यबावहिनींचं दुधाचं पातेलं आणत, ते हॅटसारखं डोक्यावर घालत, भुवया ताणत आणि पाशासारखे ताठ चालत गॅलरीपर्यंत जाऊन येत. मी हसून हसून सोफ्यावर आडवा होई. वहिनी आतून म्हणत, "भावजी, तुम्ही हसता म्हणून ह्यांना चेव येतो. पातेलं मला घासायला लागतं."

असे आमचे शुक्रवार चालले होते. मग गेल्या हिवाळ्यात सरगुरोहांनी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, जायचं ठरवलं. मनामाहून बस निघते, पूल ओलांडून सौदीत शिरते आणि थेट मक्केला. मुलगा म्हणत होता, विमानानं जा. हे म्हणाले, एवढं मागायला जायचं तर थोडं हाडांनाही कळू दे.

जाण्याआधी एक रीत असते. ज्यांना आपण दुखावलं, ज्यांच्या मागे वाईट बोललो, त्या सगळ्यांकडे जाऊन माफी मागायची. माणसाचं देणं माणसानंच सोडावं लागतं, वरून सुटत नाही. सरगुरोह खाली वॉचमनपासून सुरुवात करून मजल्यामजल्यानं वर आले. चौथ्या मजल्यावरच्या ब्रिजिटबाईंची, त्यांच्या पियानोबद्दल जे बोलले होते त्याची, माफी मागून झाली. बाईंना ते काय बोलले होते हे ठाऊकच नव्हतं. आता ठाऊक झालं. मग ते माझ्याकडे आले.

"दत्तोपंत, बोललं-चाललं माफ करा."

"केलं. तुम्ही माझं करा."

"तुमचं फार आहे. सवडीनं करतो." ते बसले. "एक माणूस राहिला."

"कोण?"

"तुमचा अशील."

मला वाटलं, थट्टा चाललीय. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. ते रात्री झोपले नव्हते, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

"मौलवींना विचारलं," ते म्हणाले. "ते म्हणाले, कारभारावर टीका केली असेल तर ती निंदा नाही. ती करायलाच पाहिजे. मी म्हटलं, अलहम्दुलिल्ला. मग त्यांनी विचारलं, फक्त टीकाच केलीत ना? आणि मला पातेलं आठवलं."

"त्यात काय?"

"नक्कल करायची नाही. मेलेल्याची तर नाहीच. टीका चालते, दत्तोपंत. पातेलं चालत नाही."

मी आयुष्यभर लोकांच्या नकला लिहून पोट भरलेलं, त्यामुळे मी ह्यावर मत दिलं नाही.

"मग माफी मागून टाका."

"कोणाची? तो गेला. त्याला पोटचं मूल नाही. वारस म्हणजे अख्खा देश. आणि मौलवी म्हणाले, गेलेल्यासाठी दुआ मागा, आणि जिथे निंदा केलीत तिथेच त्याच्याबद्दल एक चांगला शब्द बोला. मी ठरवलं, आधी मक्केला बोलावं, मग इथे. पण तिथे खोटं बोलायचं नाही. मला एक खरा चांगला शब्द पाहिजे. मनापासूनचा. तो नसेल, तर मी जाणार कुठल्या तोंडानं?"

बस चार दिवसांवर आली होती. ह्या कामी आपला उपयोग होणार म्हणून मी खूश झालो.

"त्यानं बायकांना मत दिलं. फ्रान्सच्या आधी."

"आम्ही बायकांना मिळकत दिली, फ्रान्स झाडावर होता तेव्हा. पुढे."

"शाळा काढल्या."

"काढल्या. आणि मदरसे बंद केले. मी अर्ध्या गोष्टीची तारीफ काबेसमोर कशी करू?"

"गॅलिपोलीला लढला. इंग्रजाला परत पाठवलं."

इथे ते थबकले. मला वाटलं जिंकलो. मग त्यांनी मान हलवली. "ते मला कबूल आहे. पण ते काळीज म्हणत नाही, डोकं म्हणतं. मी म्हणालो आणि अल्लानं विचारलं, हुसेन, हे तुझं की दत्तोपंतांचं, तर?"

मी आणखी पुष्कळ दिलं. ते प्रत्येक गोष्ट हातात घेऊन, भाजी बघावी तशी बघून, परत ठेवत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निदान वारसाची माफी मागायचं ठरवलं. माहूजमध्ये तुर्कस्तानचं एकच ठिकाण आम्हाला माहीत होतं, ते म्हणजे मशिदीजवळचं तुर्की सलून. एहराम, म्हणजे यात्रेचा पांढरा वेश, चढवण्याआधी केस-नखं काढायचीच होती. आम्ही गेलो. काचेवर चंद्रकोर, आत निळ्या मण्यांच्या माळा, खुर्चीजवळ एक तरुण कैची घेऊन उभा. सरगुरोह खुर्चीत बसले नाहीत. समोर उभे राहून, हिंदीत, अदबीनं म्हणाले, की मी तुमच्या राष्ट्रपित्याची नक्कल करत आलो आहे, त्याबद्दल आपण मला माफ करावं.

तो तरुण घाबरला. त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "चाचा, इधर पॉलिटिक्स बोलना मना है."

"पॉलिटिक्स नहीं. मुझे सिर्फ माफी चाहिए. आप तुर्की हो ना?"

"मैं तो बांगलादेश का है, चाचा, सिलहट का. तुर्की मालिक छुट्टी पे गया." त्यानं आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्याला दया आली असावी. "लेकिन माफ किया. जिसका भी है, माफ किया. खलास. दाढी सेट करूँ?"

सरगुरोहांनी दाढी सेट करून घेतली. परत येताना ते एकच वाक्य बोलले. "माणूस चांगला आहे. पण ग्राह्य धरता येणार नाही."

निघायच्या आदल्या दिवशी बाब अल बहरीनच्या बाजारात जाऊन आम्ही एहरामची दोन पांढरी वस्त्रं आणली. दुसऱ्या दिवशी बसपाशी वहिनींनी डबा दिला. मुलानं बॅग चढवली. सरगुरोह पायरीवर पाय ठेवून थांबले.

"सापडला का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग जातो तसाच. म्हणेन, हुसेन रिकाम्या हातानं आला." ते चढले. खिडकीतून त्यांचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा दिसत होता. मी हात हलवला, तेव्हा ते बघत नव्हते.

तो शुक्रवार मी पहिल्यांदा बिनकामाचा काढला. चहाच्या वेळी पाय आपोआप दुसऱ्या मजल्याकडे निघाले. दाराला कुलूप होतं, वहिनी लेकाकडे तुबलीला गेलेल्या. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. परत वर आल्यावर कश्मिरानं विचारलं, "बाबा, आज इतक्या लवकर?" मी म्हटलं, "कोर्टाला सुट्टी." ती हसली नाही. तिनं दोन कप चहा केला आणि लॅपटॉप बंद करून माझ्यासमोर बसली. मी तिला केमाल पाशाबद्दल सांगायला लागलो. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मी सरगुरोहांचीच बाजू मांडतोय, आणि बरी मांडतोय.

दोन दिवसांनी, सकाळी, फोन वाजला. मागे खूप माणसांचा आवाज होता, समुद्रासारखा.

"दत्तोपंत, झालं."

"सापडला शब्द?"

"तवाफ करत होतो, काबेभोवती फेऱ्या घालत होतो. काही सुचेना. सगळ्यांसाठी मागून झालं. पणजीसाठी मागितलं. ब्रिजिटबाईंच्या बोटांसाठी मागितलं. मग त्याची पाळी आली आणि मी गप्प. माझ्या पुढे एक म्हातारा होता, इंडोनेशियाचा असेल. तो आपल्या दोस्ताच्या खांद्याला धरून चालत होता. आणि मला आठवलं, तुम्ही पहिल्यांदा माझ्या घरी का बसलात."

"कढीपत्ता न्यायला आलो होतो."

"कढीपत्ता घेऊन निघाला होतात. बसलात तुम्ही पाशामुळे. मग मी म्हटलं, या अल्ला, ह्या माणसाबद्दल माझी तक्रार आहे, ती तुला पाठ आहे. पण ह्यानं माझं एक भलं केलं. रिटायर झाल्यावर मी घरात भिंतीशी बोलायला लागलो होतो. ह्यानं माझ्या दारात एक नास्तिक आणून बसवला. तो दर शुक्रवारी वेळेवर येतो. नमाजीसुद्धा इतके वेळेवर येत नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी त्याला माफ कर, आणि त्याच्याबद्दल मी जे पातेलं घातलं, त्यासाठी मला."

माणसानं पन्नास वर्षं तिरकस लिहिलं, की सरळ वाक्य अंगावर आल्यावर ते कुठून धरायचं ते कळत नाही. मला आजोबांची तसबीर आठवली. बिचाऱ्या पाशाला आपण दाभोळच्या आणि पुण्याच्या दोन म्हाताऱ्यांसाठी एवढं काही करून ठेवलंय, ह्याची कल्पना नव्हती. त्याच्या वतीनं मीच मनातल्या मनात आभार मानले. वकीलपत्र होतंच.

"सरगुरोह," मी शेवटी म्हटलं, "म्हणजे खटला मागे घेतलात?"

"कोण म्हणतं? खिलाफत आहे, लिपी आहे, अजान आहे. पाटल्यांचं तर मी सोडणारच नाही. फक्त आता बसून बोलायचं. उठून चालायचं नाही."

"आणि माझ्यासाठी काही मागितलंत का?"

"मागितलं."

"काय?"

"ते आल्यावर. इथे मागे लोक ढकलतायत. दत्तोपंत, एक काम करा. चावी वॉचमनकडे आहे. कढीपत्त्याला पाणी घाला. मुळाशी घाला, पानांवर उडवू नका."