लहरीबाबांचा रेडिओ

दारात चपलांचा खच, खिडकीच्या गजांना माणसं लटकलेली. आत काय, तर स्टुलावर एक जुना रेडिओ, आणि लहरीबाबा त्याच्यावर असा हात फिरवतायत, जणू तापलेलं पोरच.

"आलास का रे राजा?" समोर बसलेल्या एका आईनं रेडिओला विचारलं.

रेडिओ घुमला. टक-टक-टक, टर्रर्र. गर्दीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आईच्या डोळ्यांना धार लागली. रेडिओ तिच्या लेकानं दुरुस्त केलेला. लेक मागच्या साली अपघातात गेला.

बाबा त्या टकटकीचा अर्थ सांगायचे. लेक म्हणतो, औषधानं लहरी गढूळ होतात, आईचा आवाज पुसट येतो. झालं, आईनं हृदयाच्या गोळ्या सोडल्या. पाय सुजले, चार पायऱ्यांत धाप लागायला लागली. तिची मुलगी मोबाइलच्या टॉवरवर चढून दुरुस्त्या करणारी; तिनं हाता-पाया पडून बघितलं. आई ढिम्म.

त्या दिवशी मुलगी गर्दीतून पुढे आली. एक जुना फोन तिनं रेडिओला टेकवून ठेवला आणि खिशातल्या दुसऱ्यावरून त्याला लावला. टक-टक-टक, टर्रर्र. मग घंटी वाजली.

आईनं तिचे दोन्ही हात धरले. "तुलाही येतो गं तो? मग आधी का नाही सांगितलंस?"

मुलीनं आईचे हात तसेच धरून ठेवले. तिचाही तो सख्खा भाऊच.

"आई, हा दादा नाही गं. टॉवर एक, फोन हजार. सगळे एकदम बोलले तर कुणाचंच धड कळणार नाही. म्हणून टॉवर एकेकाला खुणावतो, आता तुझी पाळी. फोन पाळीपुरता बोलतो, गप्प बसतो, पुन्हा बोलतो. शेजारच्या रेडिओत तेच तुटक तुटक घुमतं."

बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. ते उठले.

"बसा," मुलगी म्हणाली. "आधी बाही झटका."

बाहीतून फोन पडला, आवाज बंद केलेला. त्यावर बाहेर उभ्या चेल्याचा कॉल अजून चालूच. मग गर्दीनं बाबांची जी वरात काढली, ती सांगत बसत नाही.

आईनं तिकडे बघितलंही नाही. "मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होते?"

मुलीनं तिच्या तळहातावर गोळी ठेवली. आईनं ती गिळली आणि रेडिओ जवळ ओढला.

"एकदा वाजव. तो नाही, कळलं मला. तरी वाजव."

मुलीनं फोन लावला.

गेलेल्या माणसाशी बोलावं, पोटभर बोलावं, त्यात काही वाईट नाही. पण त्याच्या वतीनं कुणी उत्तर द्यायला लागला, तर बाबांनो, आधी त्याची बाही तपासा. आणि औषध वेळेवर घ्या.