पिवळ्या सोफ्यावरचा डाग

आमच्या घरात वाईट बातमी चांगल्या जागी नेऊन सांगायची पद्धत आहे. म्हणून माझा धाकटा भाऊ जाइल्स आईला आणि मला तीन दिवस या हवेलीत घेऊन आला. पूर्वी कुणा सरदाराची होती, आता हॉटेल झालंय. तळं, हंस, भिंतींवर हरणांची मुंडकी आणि सगळीकडे कुजबुजत बोलणारी माणसं. सोमवारी आईला वृद्धाश्रमात पोचवायचं होतं. आई सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं.

शुक्रवारी मी म्हटलं, "सांग आता."

"जेवण तरी नीट होऊ दे गं तिचं," जाइल्स म्हणाला.

शनिवारी त्याने तिला हंस दाखवले. रविवारी दुपारी चहाला बसलो तरी याचं तोंड उघडेना. म्हणजे उघडत होतं, पण खायला. मिशीला साय लागलेली, बोटं जॅमने चिकट. मला त्याच्याकडे बघवेना.

आई पिवळ्या रेशमी सोफ्यावर बसली होती. दुसऱ्या टोकाला पेलम नावाच्या बाई आणि मध्ये त्यांचा म्हातारा कुत्रा टॉफी, मालकिणीच्या मांडीवर डोकं टाकून घोरत होता. त्याच्या अंगाला तळ्यातल्या चिखलाचा वास येत होता. कुणाची काही हरकत नव्हती. आमच्या देशात कुत्र्याला सगळं माफ असतं.

आई बोलता बोलता थांबली. तिने कप दोन्ही हातांनी धरला. मी खाली पाहिलं तर रेशमावर गडद डाग पसरत होता, तिच्या झग्याखालून कुत्र्याच्या दिशेने.

जाइल्सनेही पाहिलं. पठ्ठ्याने क्षणभरही विचार केला नाही.

"अरेरे, टॉफीसाहेब! हे काय केलंत?"

सगळी खोली हसली. पेलमबाई लाडाने म्हणाल्या, "अगं बाई, लबाडा! वय झालं बिचाऱ्याचं." हॉटेलच्या व्यवस्थापक बाई टॉवेल घेऊन धावत आल्या, त्यांनी आधी कुत्र्याचं डोकं कुरवाळलं, मग त्याला बिस्कीट दिलं. कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याने तर बिशपच्या बुटावर केलं होतं!" पुन्हा हशा. आई ओल्या कपड्यांत ताठ बसून होती, आणि मीही हसले. सांगायला शरम वाटते, पण हसले.

"त्याला कशाला बोल लावता?" आई म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "ते माझं आहे."

सगळ्यांनी आपापल्या कपात डोकी घातली. पेलमबाईंनी कुत्र्याला हळूच स्वतःकडे ओढलं. ज्या ओल्या रेशमावरून आत्ताच कौतुक चाललं होतं, त्याच्याकडे आता कुणी बघेना. व्यवस्थापक बाईंनी टॉवेल दोन बोटांत धरला आणि त्या म्हणाल्या, "आज गारठा जरा जास्तच आहे, नाही?"

"जाइल्स," आई म्हणाली, "तीन दिवस नुसतं खाऊ घालतोयस. कुठे ठेवणार आहात मला?"

"आई, असं काय बोलतेस! आणखी एक स्कोन खा ना, जॅम लावून देतो."

"तुला नाही जमायचं बाबा. फिलिपा, तू सांग."

मी माझी बशी बाजूला सारली. मग सांगितलं. "शहराबाहेर एक आश्रम आहे. चांगला आहे म्हणतात. उद्या सकाळी जायचंय."

"उद्या." तिने कप खाली ठेवला. "माझे गुलाब कुणी छाटायचे मग?"

जाइल्स खिडकीतून तळ्याकडे बघत बसला. साय अजून मिशीवर तशीच होती.

"असू दे," आई म्हणाली. "ओल्यात बसवत नाही गं. उठव मला."

तिने हात पुढे केला. तो हात धरण्याआधी मी खोलीभर नजर फिरवली, कोण कोण बघतंय ते पाहायला.